मुरगाव, शंभरात एक : एका विनाशिकेच्या प्रतिकृतीच्या नोंदी

११ जून २०२३, रविवार

शाळा सुरू होऊन आठवडाच झाला आहे, पण विज्ञान मंडळाच्या मुलांनी वर्षाचा प्रकल्प ठरवूनही टाकला. येत्या १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाच्या प्रदर्शनात, आयएनएस मुरगाव या विनाशिकेची, म्हणजे डिस्ट्रॉयर प्रकारच्या मोठ्या युद्धनौकेची, प्रतिकृती ठेवायची. गेल्या १८ डिसेंबरला ही नौका मुंबईच्या नौदल गोदीत संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते आरमारात दाखल झाली, तेव्हा आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं होतं, "टीचर, बोटीला नाव आमच्या गावाचं, मग ती आमच्या गावात का नाही?" तेव्हा मी म्हटलं होतं, पुढच्या वर्षी आणू. मुलांनी ते लक्षात ठेवलं.

वास्कोतल्या मुलांना बोटींचं अप्रूप नसतं. एका अंगाला बंदर, दुसऱ्या अंगाला गोवा शिपयार्ड, डोक्यावरून दाबोळीची विमानं. तरी या नावावर त्यांचा जीव आहे, माझाही. बाबांनी सगळी नोकरी मुरगाव बंदरात केली, दोर बांधणाऱ्या टोळीत. धक्क्याला बोट लागली की तिचे दोर खुंट्यांना घालायचे, सुटायच्या वेळी काढायचे. आमच्या घरात बंदराला 'हार्बर' म्हणतात आणि तालुक्याला 'मुरगाव'.

प्रमाण ठरवायला वेळ लागला. बाजारातले प्लास्टिकचे संच बहुधा ३५०त एक असतात, त्यात ही नौका जेमतेम ४७ सेंटिमीटर होते. नववीतली एक मुलगी म्हणाली, शंभरात एक करूया, म्हणजे मीटरचा सेंटिमीटर होतो, पाचवीच्या मुलालाही पट्टी लावून कळेल. हे मला फार पटलं. नौका १६३ मीटर लांब, म्हणजे प्रतिकृती १६३ सेंटिमीटर. मुलीची स्वतःची उंची जवळपास तेवढीच भरली. आता सगळे तिला 'बोट' म्हणून हाक मारतात आणि ती चिडत नाही.

१८ जून

युद्धनौकेचे आराखडे कोणी देत नाही आणि मागूही नयेत. आम्ही जाहीर झालेल्या मापांवर आणि छायाचित्रांवर काम करणार. जमवलेली मापं अशी: लांबी १६३ मीटर, रुंदी १७ मीटरच्या थोडी वर, पाण्याखालचा भाग साधारण साडेसहा मीटर, विस्थापन, म्हणजे भरलेल्या नौकेचं वजन, ७,४०० टन, वेग ३० नॉटहून जास्त, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या वर. चार गॅस टर्बाइन दोन पंखे फिरवतात. नौकेवर सुमारे ३०० माणसं. अंगावर रंगवलेला ओळखीचा, म्हणजे पताका क्रमांक डी ६७.

बाकी सगळं फोटोवरून काढायचं. अगदी बाजूने, काटकोनात घेतलेला एक फोटो मिळाला. तो झेरॉक्सवाल्याकडे मोठा करून घेतला, असा की टोकापासून टोकापर्यंत ४८.९ सेंटिमीटर भरावा. म्हणजे कागदावरचे ३ मिलिमीटर बरोबर खरा १ मीटर. मग मुलं पट्टी घेऊन बसली: डोलकाठी किती, धुराडी किती, हेलिकॉप्टरच्या डेकची लांबी किती. तीन गटांनी वेगवेगळं मोजलं, वहीत तिन्ही आकडे लिहिले, मधला घेतला. मला गणिताच्या तासाला जे महिनाभर शिकवता येत नाही ते आज दोन तासांत झालं.

२ जुलै

कणा उभा राहिला. १२ मिलिमीटरच्या प्लायचा कणा, त्यावर दर दहा सेंटिमीटरला ६ मिलिमीटर प्लायची फासळी. वरून सागाच्या व्हिनिअरच्या पट्ट्या चिकटवायच्या. सुताराने उरलेले तुकडे फुकट दिले.

खरी नौका मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली. भारतात बांधलेल्या सगळ्या विनाशिका तिथल्याच: आधी दिल्ली वर्ग, मग कोलकाता वर्ग, आता विशाखापट्टणम वर्ग. वर्ग म्हणजे एकाच आराखड्याच्या नौका. या शेवटच्या वर्गाला प्रकल्प १५ ब म्हणतात. जानेवारी २०११ मध्ये चार नौकांचा करार झाला. पहिली विशाखापट्टणम, दुसरी आपली, पुढे इंफाळ आणि सुरत. देशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली चार शहरं. शिपयार्ड आमच्या दाराशी असताना आमच्या नावाची बोट मुंबईत का, असं मुलांनी विचारलं. गोवा शिपयार्ड गस्तीनौका उत्तम बांधतं, विनाशिकांचं काम माझगावचं. आणि मुक्तीनंतर काही वर्षं गोवा शिपयार्डचा कारभार माझगाव डॉकच पाहत होतं, तेव्हा घर एकच समजायचं.

माझा मामेभाऊ माझगावला वेल्डर आहे. तो कोणत्या नौकेवर काय करतो ते सांगत नाही, आम्ही विचारत नाही. पोलादाबद्दल मात्र तो अभिमानाने बोलला. डीएमआर २४९ ए हे पोलाद हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केलं आणि ते सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या कारखान्यांत बनतं. त्याआधी युद्धनौकांचं पोलाद बाहेरून आणावं लागे आणि ते वेळेत आलं नाही की काम अडून राही. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "तू बोटी बांधतोस, मी पण बोटी बांधल्या." एक शब्द, दोन कामं. माझगावात बांधायची आणि मुरगावात बांधायची.

२३ जुलै

वाईट बातमी. कणा वाकला. पंधरा दिवस सतत पाऊस, प्रयोगशाळेची भिंत ओली, प्लाय तिच्याच कडेला ठेवलेला. मधोमध ९ मिलिमीटरचा बाक आला आहे. म्हणजे खऱ्या नौकेत ९० सेंटिमीटर. मुलांची तोंडं पडली.

वास्कोतल्या खारीवाड्यावर एक काका होड्या दुरुस्त करतात, त्यांना बोलावलं. त्यांनी बाक बघितला, हसले नाहीत, रागावले नाहीत. दोन सरळ लोखंडी अँगल मागवले, कणा त्यांच्या मध्ये शिकंज्याने आवळला, फासळ्यांचे चार सांधे सोडवले आणि सांगितलं की आठ दिवस हात लावू नका, दिव्याची ऊब ठेवा. मग पट्ट्या लावायच्या आणि लगेच आतून-बाहेरून रेझिन आणि फायबर. "लाकडाला पाणी प्यायला दिलंत तर ते पिणारच," एवढंच म्हणाले.

६ ऑगस्ट

कणा सरळ झाला, उरला बाक दीड मिलिमीटर. चालेल. आज मात्र हातात हत्यार न घेता नावाचं काम केलं. प्रदर्शनात नौकेमागे जो तक्ता लागेल त्यावर 'हे नाव कुठून आलं' हा अर्धा भाग असणार. मला स्वतःला या भागाची सगळ्यात जास्त ओढ आहे.

मुरगाव म्हणजे झुआरीच्या मुखाशी समुद्रात घुसलेलं टोक. १६२४ मध्ये पोर्तुगिजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला. पुढची गोष्ट मुलांना ठाऊक नव्हती आणि ऐकताना त्यांचे डोळे चमकले. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या फौजेने जुव्याचा किल्ला घेतला. जुनं गोवं, म्हणजे पोर्तुगिजांची राजधानी, तिथून हाकेच्या अंतरावर. व्हाइसरॉय कोंद दि आल्व्होर स्वतः प्रतिहल्ल्याला गेला आणि कसाबसा जीव वाचवून परतला. त्यानंतर त्याने ठरवलं की राजधानी इथे सुरक्षित नाही, ती मुरगावच्या टोकावर हलवायची. १६८५ पासून तिथे इमारतींचं कामही सुरू झालं. पुढे ते बारगळलं. पण मराठ्यांच्या धाकाने मुरगाव एका साम्राज्याची राजधानी होता होता राहिलं, हे आमच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीने तरी यायला हवं.

बंदर खरं वाढलं ते रेल्वेने. १८८८ पर्यंत मुरगावहून दूधसागरच्या घाटातून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज रूळ जोडले गेले आणि घाटमाथ्यावरचा माल थेट धक्क्यावर येऊ लागला.

मग १९४३. दुसरं महायुद्ध चालू, पोर्तुगाल तटस्थ, म्हणून एरनफेल्स, ब्राउनफेल्स आणि द्राखेनफेल्स ही जर्मन व्यापारी जहाजं आणि एक इटालियन जहाज मुरगावात आसरा घेऊन उभी होती. एरनफेल्सवर लपवलेला बिनतारी संच होता आणि त्यावरून जर्मन पाणबुड्यांना मित्रराष्ट्रांच्या जहाजांची ठिकाणं कळवली जात, असा इंग्रजांचा संशय. गोव्यावर उघड हल्ला करता येईना. मग कलकत्त्यातल्या एका हौशी घोडदळ पथकातले मध्यमवयीन व्यापारी, कारकून असे लोक अर्धा हिंदुस्थान वळसा घालून आलेल्या एका गाळ काढायच्या बार्जवर, बहुतेक जण कोचीनला चढून, आले आणि ९ मार्चच्या रात्री एरनफेल्सवर चढले. जहाज त्याच्याच खलाशांनी बुडवलं, बाकीच्यांनीही आपापली जहाजं पेटवून दिली. ही मोहीम ३५ वर्षं गुप्त राहिली.

आणि १८ डिसेंबर १९६१. हे सांगायला मी बाबांना वर्गात घेऊन गेले. त्या वेळी ते १६ वर्षांचे. आफोंसो दि आल्बुकेर्क ही पोर्तुगीज युद्धनौका मुरगावच्या नांगरवाड्यात उभी होती, १९३० च्या दशकातली, १२० मिलिमीटरच्या चार तोफांची. समोरून आयएनएस बेतवा आणि आयएनएस बिआस आल्या, दोन्ही तिच्याहून नव्या आणि जलद. बाबा म्हणाले, "आम्ही दुपारची पेज जेवत होतो. पहिल्या आवाजाला आईने चुलीवरचं मडकं खाली ठेवलं. दुसऱ्या आवाजाला आम्ही सगळे मेजाखाली." आफोंसोचा कप्तान आंतोनियो द कुन्य आरागांव गंभीर जखमी झाला, नौका नदीपलीकडे बांबोळीजवळ किनाऱ्यावर नेऊन लावली गेली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुढे मुरगाव भारताच्या प्रमुख बंदरांत गेलं, १९६६ मध्ये बाबा तिथे नोकरीला लागले.

एका मुलाने विचारलं, "आजोबा, भीती वाटली?" बाबा थोडं थांबून म्हणाले, "पेज सांडली त्याचं वाईट वाटलं. तेव्हा भूक मोठी होती."

२७ ऑगस्ट

दामोदराच्या भजनी सप्ताहामुळे वास्कोत आठवडाभर पाऊल ठेवायला जागा नाही. काम बंद होतं. आज फक्त शेवटच्या आठ पट्ट्या लावल्या.

१७ सप्टेंबर

आजची तारीख मुलांनी मुद्दाम निवडली. २०१६ मध्ये याच दिवशी माझगावात खऱ्या नौकेचं जलावतरण झालं, नौदलप्रमुख सुनील लांबा यांच्या पत्नी रीना लांबा यांच्या हस्ते. परवा चवथ आहे, घरोघरी माटोळीची, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या सजावटीची, गडबड, तरी चौदा मुलं आली.

इथे शंभरात एक या प्रमाणाने आम्हाला एक देणगी दिली. लांबी शंभराने कमी होते, रुंदी शंभराने, खोलीही शंभराने. म्हणून वजन शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा लाखांनी कमी व्हायला हवं. ७,४०० टन म्हणजे ७४ लाख किलो. भागिले दहा लाख. बरोबर ७ किलो ४०० ग्रॅम. फळ्यावर हे आलं तेव्हा वर्ग गप्प झाला. आमची नौका तंतोतंत खरी असेल तर ७ किलो ४०० ग्रॅम वजनाला तिने साडेसहा सेंटिमीटर बुडायला हवं, ना जास्त ना कमी.

खरी नौका पाण्यात उतरली तेव्हा ती नुसतं कवच होती, वजन २,८४४ टन. आमचं रिकामं कवच रेशनच्या काट्यावर ३ किलो १०० ग्रॅम भरलं. फार दूर नाही. शेजाऱ्यांच्या अंगणात सिमेंटचा लांब हौद आहे, त्यात सोडलं. एका बाजूला किंचित कललं, मग सरळ झालं. मुलींनी नारळ फोडला आणि बाबांनी पुढच्या टोकाला सुतळीचा दोर घालून हौदाच्या नळाला अशी गाठ मारली की एका झटक्यात सुटेल.

मग वजन घालत गेलो. जाळ्यांना लावतात ती शिशाची वजनं खारीवाड्यावरून आणली होती. वाटीने, मोजून, कण्याच्या दोन्ही बाजूंना सारखी. ५ किलो. ६ किलो. ७ किलो. ७ किलो ४०० ला थांबलो आणि पट्टी लावली. ६ सेंटिमीटर १ मिलिमीटर. साडेसहाला ४ मिलिमीटर कमी.

म्हणजे आमची नौका पोटाला वाजवीपेक्षा भरली आहे, तेवढ्याच खोलीत थोडं जास्त पाणी बाजूला सारते, म्हणून कमी बुडते. फोटोत पाण्याखालचा भाग दिसत नाही, तो आम्ही अंदाजाने काढला होता, आणि अंदाज कुठे चुकला ते पाण्याने सांगितलं. दुरुस्त करायचं झालं तर सगळ्या पट्ट्या काढाव्या लागतील. मुलांनी मत घेतलं आणि ठरलं की तसंच ठेवायचं, पण माहितीच्या पाटीवर हा फरक लिहायचा. मला या निर्णयाचा आनंद झाला.

बाबांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. "हौदाचं पाणी गोडं. खाऱ्यात ती अजून वर येईल." खनिजाच्या बार्जी नदीतून भरून येत, खाडीच्या तोंडाशी आल्या की थोड्या वर उचलल्या जात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. समुद्राचं पाणी गोड्याहून साधारण अडीच टक्के जड. नौका ठोकळ्यासारखी सरळ धरून साडेसहा सेंटिमीटरवर ढोबळ हिशेब केला तर दीड मिलिमीटर. खऱ्या नौकेत पंधरा सेंटिमीटरच्या वर. वीत भरली.

८ ऑक्टोबर

चूक सापडली, बरं झालं आत्ताच सापडली. पुढच्या डेकवरची तोफ आम्ही मोठी केली होती. या वर्गासाठी आधी १२७ मिलिमीटरची तोफ योजली होती आणि जुनी चित्रं त्या तोफेचीच आहेत. प्रत्यक्षात बसली ती ७६ मिलिमीटरची, इटालियन आराखड्यावर भेल या सरकारी कंपनीच्या हरिद्वारच्या कारखान्यात बनणारी. फोटो बघताना आठवीतल्या मुलाने ओळखलं. बुरूज पुन्हा केला. नळी उदबत्तीच्या काडीची, पावणेपाच सेंटिमीटर. जुना बुरूज त्याच मुलाला बक्षीस दिला.

आज शस्त्रांची मापं काढताना पुन्हा प्रमाणाची गंमत झाली. ब्रह्मोस क्षेपणास्त्र साधारण ८.४ मीटर लांब आणि ६०-७० सेंटिमीटर जाड. शंभरात एक केलं की झाली अर्धी झिजलेली पेन्सिल. अक्षरशः, कंपासपेटीतली पेन्सिल. अशा सोळा पेन्सिली पुढच्या डेकच्या आत उभ्या. बराक ८, जे येणारं विमान किंवा क्षेपणास्त्र पाडतं, ते साडेचार मीटर लांब आणि २२-२३ सेंटिमीटर जाड. म्हणजे काडेपेटीतली काडी. अशा ३२. मुलांनी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, एक पेन्सिल, एक काडी. ब्रह्मोस आवाजाच्या पावणेतीन पटीहून जलद जातं आणि या नौकेवरून ते पहिल्यांदा याच वर्षी मे महिन्यात डागलं गेलं. पेन्सिल ज्याच्या हातात होती तो मुलगा ती बराच वेळ खाली ठेवेना.

डेकवर मात्र यातलं काही दिसत नाही, नुसती चौकोनी झाकणं. ही झाकणं प्लास्टिकच्या फायलीतून कापली. पाणबुडीविरोधी रॉकेटचे दोन सोडकसंच मात्र उघडे दिसतात, प्रत्येकी बारा नळ्या, घोड्याच्या नालासारख्या मांडलेल्या. त्यासाठी रिकाम्या रिफिलींचे दोन-दोन सेंटिमीटरचे चोवीस तुकडे. टॉर्पेडोच्या नळ्यांना जाड स्ट्रॉ. ३० मिलिमीटरच्या चार जलद तोफा अजून बाकी आहेत, त्या सगळ्यात किचकट.

२४ ऑक्टोबर, दसरा

हत्यारांची पूजा केली. करवती, कानस, ड्रिल, डिंकाची बाटलीसुद्धा. दुपारून काम झालं नाही, पण एक प्रयोग झाला तो लिहून ठेवते.

नौकेच्या भिंती सरळ उभ्या का नाहीत, सगळ्या तिरप्या का, असा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. खोली काळोखी केली. टेबलावर आरसा सरळ उभा केला, समोरून टॉर्च मारला, प्रकाश थेट टॉर्च धरणाऱ्याच्या डोळ्यांत. मग आरसा दहा अंश मागे झुकवला. प्रकाश छतावर गेला आणि टॉर्चवाल्याला आरसा काळा दिसला. रडारचंही हेच. लाट पाठवायची आणि परत येणारी पकडायची. भिंत तिरपी असली की बरीचशी लाट आभाळात निघून जाते, परत येते ती फार थोडी, आणि ७,४०० टनांची नौका पडद्यावर एखाद्या लहान बोटीएवढी दिसते. कठडे, खांब, शिड्या, होड्या हे सगळं जमेल तितकं आत झाकलेलं असतं ते यासाठीच, कारण दोन भिंतींचा काटकोनी कोपरा लाट जशीच्या तशी परत फेकतो. आठवीच्या मुलांनी दोन आरसे काटकोनात धरून तेही बघितलं.

आता मुलांना कळलं की आमच्या डोलकाठीच्या बाजू दोन अंश चुकल्या तरी का चालणार नाही. डोलकाठीवर चार दिशांना चार सपाट फळ्या आहेत, ते इस्राएली बनावटीचं मुख्य रडार. जुन्या रडारसारखं ते गरगर फिरत नाही. चारही तोंडं एकाच वेळी चारही दिशांना बघतात.

१९ नोव्हेंबर

दिवाळी संपली, मुलांच्या हातांवर अजून नरकासुराच्या पुतळ्याचा रंग आहे. रंगकाम आमच्या वाड्यावरच्या चित्रशाळेत केलं. गणपतीचे डोळे रेखणारा माणूस युद्धनौकेला करडा रंग मारतो आहे, हे बघायला गल्ली जमली होती. कॉम्प्रेसर आणि फवारणीची बंदूक त्यांची, रंग आमचा. आधी प्रायमर, मग पॉलिश पेपर ओला करून घासायचा, मग पुन्हा प्रायमर. तीनदा. मग करडा. करड्याच्या किती छटा असतात हे त्यांच्याकडून शिकले. थोडा निळा घातला तर रंग उन्हात समुद्राशी मिळतो, जास्त घातला तर पावसाळी ढगासारखा होतो. पाण्याखाली तांबडा, दोहोंच्या मध्ये काळा पट्टा.

हेलिकॉप्टरचा गाळा उघडा ठेवला आहे. आत दोन हेलिकॉप्टरं मावतात. सी किंगच्या पंख्याचा व्यास जवळपास १९ मीटर आणि नौकेची रुंदी १७, म्हणून पाती मिटल्याशिवाय ते आत जातच नाही. मुलांनी केलेल्या हेलिकॉप्टरची पाती मिटतात. बिजागरी टाचणीची.

४ डिसेंबर

नौदल दिन यंदा मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने. सगळ्यांनी शाळेत टीव्हीवर पाहिला. तारकर्लीच्या किनाऱ्यासमोर युद्धनौका उभ्या बघून बाबा म्हणाले, "महाराजांनी किल्ला बांधला तो यांच्यासाठीच." चार जलद तोफा आज पूर्ण झाल्या.

१० डिसेंबर

नाव रंगवायचा दिवस आणि सगळ्यात मोठा वाद.

सरकारी हिंदी पत्रकांत नाव 'मोरमुगाओ' असं येतं. ते इंग्रजी स्पेलिंगवरून आलं आणि इंग्रजी स्पेलिंग पोर्तुगिजांवरून. पोर्तुगीज उच्चारात शेवटी अनुनासिक होतं, ते 'गाव'च्या जवळ जातं. स्पेलिंगवरची खूण गेली आणि गाव गेलं, 'गाओ' उरलं. आमच्या तालुक्याच्या कचेरीवर, नगरपालिकेवर, मराठी-कोकणी बातमीत मुरगावच असतं.

अर्ध्या मुलांचं म्हणणं, प्रतिकृती आहे, अधिकृत नाव जसं आहे तसंच लिहा. उरलेल्यांचं म्हणणं, नाव आमचं आहे, आम्हाला बरोबर माहीत आहे. मी मत दिलं नाही, पण मनात माझं ठरलेलं होतं. नौका ज्यांची आहे, ज्या ३०० माणसांचं ती घर आहे, त्यांनी तिला ज्या नावाने ओळखावं ते नाव तिच्या अंगावर. पाटी मात्र आमची. शेवटी मुलं त्याच मुक्कामाला आली. नौकेवर 'मोरमुगाओ', खाली सागाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'मुरगाव'. अक्षरं चित्रशाळेतल्या काकांनी काढली, 'व' चा गाठोडा असा गोल की बघत राहावं.

बाबांनी काही म्हटलं नाही. पाटी हातात घेऊन अंगठ्याने एकदा पुसली.

१९ डिसेंबर, मुक्तिदिन

प्रदर्शन झालं. दोन वर्षांपूर्वी याच तारखेला, मुक्तीच्या साठाव्या वर्षी, खरी नौका चाचणीसाठी पहिल्यांदा समुद्रात निघाली होती. हे सांगणारी मुलगी दिवसभरात इतक्या वेळा बोलली की तिचा आवाज बसला. बंदरातली जुनी माणसं आली, शिपयार्डमधली आली. एका शिपयार्डच्या कामगाराने वाकून पाण्याखालचा भाग बघितला आणि विचारलं, "पोट जरा मोठं आहे ना?" मुलांनी अभिमानाने पाटीवरचे ४ मिलिमीटर दाखवले.

नौका बांधून ठेवली आहे बाबांच्या पद्धतीने. लाकडी धक्का, शिशाचे सहा खुंटे, सुतळी मेणात बुडवून केलेले दोर. पुढचे, मागचे, आणि मधले तिरके, जे बोटीला मागेपुढे सरकू देत नाहीत. लहान मुलांना सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

तक्त्याच्या उजव्या बाजूला 'सेवा' असं शीर्षक आहे. तिथे फार लिहिता आलं नाही, नौकेचं वय एक वर्ष एक दिवस. जलावतरण, पहिली चाचणी, नौदलात दाखल, ब्रह्मोसचा पहिला मारा. चार ओळी आणि खाली मोठी कोरी जागा.

२४ डिसेंबर

नाताळची सुट्टी. सकाळी बातमी आली की काल अरबी समुद्रात, पोरबंदरपासून दोनशेहून जास्त सागरी मैलांवर, केम प्लुटो या तेलवाहू जहाजावर ड्रोन पडलं. सौदी अरेबियातून न्यू मंगळूरला येत होतं, बहुतेक खलाशी भारतीय. आग लागली, ती खलाशांनी विझवली. सगळे सुखरूप.

२७ डिसेंबर

मुलं सुट्टीत शाळेत आली, मी बोलावलं नव्हतं.

केम प्लुटोच्या मदतीला शनिवारी दाबोळीहून नौदलाचं विमान निघालं आणि त्याच संध्याकाळी तिथे पोहोचलेली विनाशिका आपली होती. मुरगाव. पुढे तटरक्षक दलाच्या विक्रम या नौकेच्या सोबतीने केम प्लुटो सोमवारी मुंबईच्या समुद्रात पोहोचलं. आता अरबी समुद्रात मुरगाव, कोची आणि कोलकाता अशा तीन विनाशिका तैनात केल्या आहेत. आणि कालच मुंबईत या वर्गातली तिसरी, इंफाळ, नौदलात दाखल झाली.

बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "खलाशी कुठले?" बंदरातल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच. सगळे सुखरूप आहेत म्हटल्यावर मग नौकेबद्दल विचारलं.

'सेवा'च्या कोऱ्या जागेत पाचवी ओळ लिहिली गेली. छापून चिकटवूया असं मी म्हटलं होतं, पण जिचा आवाज बसला होता तिने स्केच पेनने हातानेच लिहिली: २३ डिसेंबर २०२३, केम प्लुटो जहाजाच्या मदतीला धाव. अक्षर थोडं वर चढलं आहे. तसंच राहू दिलं. मग दोन मुलांनी बाबांना विचारून धक्क्यावरचे सहाही दोर सोडले, कारण नौका समुद्रात असताना ती बांधलेली दिसणं बरोबर नाही.

काचेच्या पेटीचं माप दिलं आहे: १८० बाय ३५ बाय ६० सेंटिमीटर. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मिळेल.